बर्फफेक्याची पायताणे

अमेरिकेच्या त्या कोपऱ्यात जाऊन आलेल्या माणसाने नायगाराविषयी लिहावे असा शिरस्ता आहे. धबधबा मीही पाहिला. आईने हात जोडले, मेहुण्यांनी फोटो काढले, तुषारांनी माझा चष्मा ओला झाला आणि आम्ही परत आलो. त्याच्याविषयी सांगण्याजोगे जे आहे ते माझ्याआधी पुष्कळांनी सांगितले आहे. मला सांगायचे आहे ते तेथून तासाभराच्या अंतरावर असलेल्या एका गॅरेजविषयी. त्या गॅरेजाला तिकीट नव्हते आणि तिथे चष्म्यावर तुषार नव्हे, लोखंडाचा कीस उडत होता.

२०२४ सालच्या दिवाळीच्या सुट्टीला शिल्लक रजेची शेपटी जोडून मी आईला धाकट्या बहिणीकडे पोचवायला गेलो होतो. न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती उभ्या राहतात. पण हे न्यूयॉर्क राज्याचे पार पश्चिमेचे टोक, बफेलो शहराच्या दक्षिणेला वीस-पंचवीस मैलांवरचे एक गाव. दोन-दोन घरांमध्ये कोल्हापुरातली एक अख्खी गल्ली मावेल एवढी जागा. प्रत्येक घरापुढे गाडी जाण्याची लांबलचक वाट, आणि नोव्हेंबर सरत आला की त्या वाटेवर पडणारा बर्फ हाच गावातला मुख्य विषय. आपल्याकडे जसे ‘पाऊस काय म्हणतोय?’ तसे तिकडे ‘सरोवर काय म्हणतेय?’

हे सरोवर म्हणजे ईरी. सुमारे अडीचशे मैल लांब आणि पाचही मोठ्या सरोवरांत सर्वांत उथळ. उन्हाळ्यात तापलेले त्याचे पाणी नोव्हेंबरातही पुरते निवलेले नसते. अशा वेळी गोठलेल्या मुलखावरून येणारा कोरडा वारा त्याच्या लांबीवरून वाहू लागला की वाटेत पोटभर वाफ पितो आणि पलीकडच्या काठावर पोचताच ती बर्फाच्या रूपाने ओकून टाकतो. तेही सगळीकडे सारखे नाही, अरुंद पट्ट्यात. एका गावी ऊन पडलेले असते आणि पाच-सात मैलांवर दारे उघडत नाहीत. कोल्हापूरकराला हे समजायला वेळ लागत नाही. गगनबावड्याला आभाळ फाटलेले असते त्याच दुपारी आमच्या रंकाळ्यावर लोक निवांत भेळ खात असतात. पुढे जानेवारी-फेब्रुवारीत सरोवरच गोठले म्हणजे वाऱ्याला प्यायला काही उरत नाही आणि हा खेळ आटोपतो. तोवर मात्र त्याची दहशत असते, आणि ती उगाच नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात या भागातल्या काही गावांत पाच फुटांहून अधिक बर्फ पडला. २०२२ च्या नोव्हेंबरात ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग या गावांनी ८० इंचांच्या आसपास मोजला. त्याच वर्षीच्या नाताळात जे वादळ आले त्यात बफेलो आणि आसपास चाळीसहून अधिक माणसे दगावली. त्यांतली काही घरातच थंडीने, काही बर्फात अडकलेल्या आपल्या गाडीत.

असा बर्फ फावड्याने उपसणे हे तरण्याबांड माणसाचेही काम नाही. एरवी खुर्चीवर बसणारी माणसे एका सकाळी फावडे घेऊन उठतात आणि छातीवर हात ठेवून खाली बसतात, म्हणून हिवाळा आला की तिकडचे डॉक्टर घसा कोरडा करून सांगत असतात. त्यावर उपाय म्हणून बर्फ फेकणारे यंत्र निघाले. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या आर्थर सिकार या गृहस्थाने १९२५ साली ते पहिल्यांदा यशस्वी करून दाखवले आणि १९२७ साली पहिले विकले. शेतातले मळणी यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली असे सांगतात, आणि यंत्र पाहिल्यावर ते पटतेही. पुढे आडवे मळसूत्र असते. ते फिरत फिरत बर्फ फोडते आणि मधोमध ओढते. त्याच्या मागे एक पंखा. तो पंखा मधे आलेला बर्फ उचलून वरच्या धुरांड्यातून वीस-तीस फुटांवर भिरकावून देतो. मळणीतला भुसा उडावा तसा तो उडतो. मोठी मौज वाटते पाहायला.

बहिणीच्या शेजारी ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ राहतात. माझी भाची त्यांना ‘पॉप’ म्हणते, आई ‘म्हातारबाबा’ म्हणू लागली आणि मीही तेच नाव उचलले. हे म्हातारबाबा लॅकवानाच्या पोलाद कारखान्यात यंत्रकारागीर होते. तो कारखाना एके काळी वीस हजार माणसांना पोसत असे. १९८३ साली तिथले पोलाद बनवण्याचे काम थांबले तेव्हा म्हातारबाबा एकोणचाळीस वर्षांचे होते. पुढे त्यांनी एका शाळेत बॉयलर सांभाळला आणि तिथून निवृत्त झाले. कारखान्याच्या हिशेबाचे जे पैसे हाती आले त्यांतून त्यांनी त्याच हिवाळ्यात एक बर्फफेके यंत्र घेतले. तेच यंत्र आजतागायत त्यांच्या घरची वाट साफ करते, बहिणीच्या घरची करते आणि समोरच्या एका विधवा बाईंच्या घरचीही करते. त्याचा मूळ रंग कोणता होता हे आता त्यांनाच माहीत.

पण गेल्या हिवाळ्याच्या शेवटी यंत्राने मान टाकायला सुरुवात केली होती. ओला बर्फ आला की धुरांडे तुंबे. मळसूत्र खडखडे. खालची पट्टी झिजून तिची धार लाटेसारखी वाकडीतिकडी झाली होती. कारखानदाराने त्या नमुन्याचे सुटे भाग करणे केव्हाच सोडून दिले होते. ‘नवे घ्या ना,’ असे मी आपला सहज म्हणालो, तेव्हा बहिणीने मला स्वयंपाकघरात बोलावून घेतले.

‘‘दादा, त्यांच्यासमोर तो विषय काढू नकोस,’’ ती म्हणाली. ‘‘काकूंचं सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस असतं. पहाटे साडेपाचला निघावं लागतं. फावडं हातात घ्यायचं नाही म्हणून यांना डॉक्टरांनी बजावलंय. मुलगा ॲरिझोनात आहे. घर विका आणि इकडे या, असा त्याचा धोशा चाललाय. शेवटी काय ठरलं माहीत आहे? हे यंत्र चालतंय तोवर इथं. यंत्र थांबलं की घर विकायचं.’’

‘‘मग नव्या यंत्रानंही भागेल की.’’

‘‘शब्द ‘हे यंत्र’ असा आहे,’’ बहीण म्हणाली. ‘‘मुलगा वकील आहे.’’

यावर व्याकरणाच्या प्राध्यापकाने काय बोलावे! खरे सांगायचे तर मुलाचेही चुकत नव्हते. दीड-दोन हजार मैलांवर बसून, आज बर्फ किती पडला हे रोज सकाळी फोनवर पाहणे ही काही सुखाची गोष्ट नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी म्हातारबाबांच्या गॅरेजात जाऊ लागलो. त्यांना एका जोडी हातांची गरज होती आणि मला उबेची. माझे बालपण उद्यमनगरातल्या यंत्रशाळांच्या आवाजात गेले आहे. वडिलांचे एक स्नेही तिथे ऑइल इंजिनांचे भाग करीत. शाळा सुटली की मी त्यांच्या दाराशी उभा राहून लेथवरून निघणाऱ्या चकचकीत कुरळ्या तारा गोळा करीत असे. त्यामुळे कानस कशी धरावी एवढे मला ठाऊक होते. म्हातारबाबांनी माझ्या हातात एक पट्टी आणि कानस दिली, दोन मिनिटे पाहिले आणि काही न बोलता आपल्या कामाला लागले. मी ती पदवी समजलो.

सर्वांत आधी मळसूत्र दांड्यावरून उतरवायचे होते आणि तेच सर्वांत अवघड निघाले. हे मळसूत्र दांड्याला कायमचे जोडलेले नसते. आरपार गेलेल्या एका नरम बोल्टाने ते अडकवलेले असते. मळसूत्रात दगड अडकला तर तो बोल्ट आपण तुटतो आणि आतली गिअरची पेटी वाचवतो. पण दांडा आणि मळसूत्राची नळी गंजून एकजीव झाली असतील तर बोल्ट तुटला काय आणि राहिला काय, सारा धक्का पेटीलाच बसायचा. म्हातारबाबांनी ॲसिटोन आणि गिअरचे तेल मिसळून एका कुपीत भरले, आणि ते मिश्रण सांध्यात थेंब थेंब सोडत आम्ही दीड दिवस काढला. दिव्याने शेक दिला, लाकडी ठोकळा मधे धरून हातोडीने ठोकले. दुसऱ्या दिवशी दुपारी कुठे तो सांधा कुरकुरला. ‘‘दरवर्षी ग्रीस भरायला हवे होते,’’ म्हातारबाबा म्हणाले. ‘‘भरत होतो. पण ती आजारी पडल्यापासून दोन वर्षे राहून गेले.’’

मळसूत्राच्या दोन्ही टोकांचे बुश लंबगोल झाले होते. खडखड त्यांचीच होती. म्हातारबाबांच्या कपाटात कारखान्याच्या दिवसांतली ब्राँझची एक कांब होती. तळघरातल्या छोट्या लेथवर ती बांधून त्यांनी बाहेरचा घेर उतरवला, आतले भोक पाडले आणि पाऊण इंची दांडा त्यात घालून पाहिला. जाईना. पुन्हा एक बारीक कापा घेतला. आता दांडा आपल्या वजनाने सावकाश आत उतरला, लोण्यात सुरी जावी तसा. ‘‘तीन थाउ,’’ म्हातारबाबा म्हणाले. एका इंचाचे हजार भाग, त्यांतले तीन. मी चमकलो, कारण ‘थाउ’ हा शब्द मी उद्यमनगरात ऐकला होता आणि तो तिथलाच असावा असे लहानपणी समजत होतो. मग मी त्यांना आमचे ‘सूत’ शिकवले. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. मोजमापे बदलून भारतात आता साठाहून अधिक वर्षे झाली, तरी आमचा मिस्त्री अजून सुतातच बोलतो हे ऐकून त्यांना फार समाधान वाटले. त्या दिवसापासून गॅरेजात सूत चालू झाले.

खालची खरवडपट्टी हे माझे काम. पाव इंच जाडीची सपाट पोलादी पट्टी कापून आणली, जुनी पट्टी तिच्यावर ठेवून भोकांच्या खुणा केल्या. मात्र नुसती गोल भोके पाडायची नव्हती. पट्टी झिजेल तशी खाली सरकवता यावी म्हणून उभे गाळे हवे होते. दोन भोके जवळजवळ पाडायची आणि मधला पडदा कानशीने काढायचा. असे पाच गाळे. दोन दिवस माझ्या तळव्यांना फोड होते आणि आई रात्री तेल चोळता चोळता, ‘एवढं शिकून काय मिळवलंस,’ असे विचारीत होती.

पंख्याची गोष्ट अधिक रंजक आहे. पंख्याची पाती आणि भोवतीचा पत्र्याचा ढोल यांच्यात झिजून तीन-तीन सूत फट पडली होती. कोरडा बर्फ असेल तर पंखा तो त्यातूनही फेकतो. पण ओला, खिचडीसारखा बर्फ त्या फटीतून मागे घसरतो आणि धुरांडे तुंबते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक पात्याच्या टोकाला रबराची पट्टी बसवायची, ती ढोलाला जेमतेम घासेल अशी. बाजारात अशा पट्ट्या मिळतात. म्हातारबाबांनी त्या एका शेतकऱ्याकडून आणल्या. गवताचे गठ्ठे बांधणाऱ्या यंत्राचा फाटका पट्टा होता तो. आत कापडाचे थर असल्यामुळे तो फाटत नाही. चार पट्ट्या कापल्या आणि काकूंच्या स्वयंपाकघरातल्या तराजूवर एकेक तोलली. एक किंचित जड भरली, तिची कड तासली. मी म्हटले, एवढ्याने काय होते? तेव्हा त्यांनी पंख्याला एका बाजूने चिकटपट्टीचा गोळा लावला आणि यंत्र चालू केले. भिंतीवरचे पाने खणखणू लागले. मी पुढे काही विचारले नाही.

आणि आता पायताणे. यंत्राच्या दोन्ही बाजूंना खाली लोखंडी घसरपट्ट्या असतात. त्यांना तिकडे ‘बूट’ म्हणतात. यंत्राचा तोल त्यांच्यावर असतो आणि खरवडपट्टी जमिनीपासून साधारण एक सूत वर राहते ती त्यांच्यामुळे. हे बूट तळाला झिजून पत्र्यासारखे पातळ झाले होते. नवे करायला लोखंड होते, पण म्हातारबाबांनी काकूंना हाक मारली आणि भाजी कापायची पांढरी जाड प्लास्टिकची फळी मागितली. तिला बर्फ चिकटत नाही, ती सिमेंटवर ओरखडे काढत नाही आणि लोखंडापेक्षा घसरते छान. काकूंनी फळी दिली, पण अर्धीच. ‘‘गुरुवारी थँक्सगिव्हिंग आहे, मी टर्की कशावर कापू?’’ त्या अर्ध्या फळीतून दोन बूट निघाले. पुढची आणि मागची कड नावेसारखी गोल केली, बोल्टांची डोकी आत बुडतील असे खळगे पाडले. ‘कोल्हापुरात पायात घालायच्या वस्तूला काय म्हणतात?’ असे त्यांनी मला विचारले, आणि ‘पायताण’ हा शब्द ऐंशी वर्षांच्या जिभेवर बसेपर्यंत एक संध्याकाळ गेली. यंत्राला मराठीत काय म्हणाल, हेही विचारले. आमच्याकडे बर्फाला फ्रिजमधला आणि आभाळातला असे दोन शब्दसुद्धा नाहीत. आहे तो ‘बर्फ’ फारसीतून आला, ‘हिम’ संस्कृतातून. घरच्या म्हणाव्या तर आमच्या फक्त गारा. तेव्हा मी जागच्या जागी ‘बर्फफेक्या’ असा शब्द पाडला. शुद्धाशुद्धतेचा निकाल विद्वानांनी खुशाल लावावा.

एवढे सगळे घरी करणाऱ्या या माणसाने एक गोष्ट मात्र घरी केली नाही. तो नरम बोल्ट. कॉफीच्या डब्यात त्याचे डझनभर नग दुकानातून आणून ठेवलेले होते. ही यंत्रातली सर्वांत स्वस्त आणि करायला सर्वांत सोपी वस्तू. मी लेथकडे बोट दाखवले तर म्हातारबाबांनी मान हलवली. ‘‘बाकीचे भाग टिकावे म्हणून करायचे. हा वेळेवर तुटावा म्हणून असतो. किती जोराला तुटावा हे ज्याने ठरवले त्याच्याकडूनच तो घ्यावा.’’ त्यांच्या एका मित्राने तिथे हाताशी असलेला कडक बोल्ट घातला होता. बोल्ट राहिला, गिअरची पेटी फुटली.

शुक्रवारी रात्री सरोवर बोलू लागले. शनिवारी सकाळी उठलो तर समोरचे घर नव्हते. म्हणजे असणार, पण दिसत नव्हते. दिवसभर पडला, रात्रभर पडला. रविवारी गुडघ्याच्या वर आला होता. मेहुण्यांनी आणि मी दोनदा फावडे चालवून पाहिले आणि दोनदा परत येऊन चहा घेतला. म्हातारबाबांनी मात्र यंत्राला हात लावला नाही. अर्ध्या अर्ध्या फुटाला काढत गेले तर सोपे जाते असे सगळे सांगतात, पण डोळ्यांत सुया गेल्यासारखा वारा होता आणि काकूंनी त्यांचे बूट लपवून ठेवले होते.

सोमवारी पहाटे चारला त्यांच्या गॅरेजचे दार वर गेले. मी आणि मेहुणे विजेऱ्या घेऊन गेलो. पहिल्या ओढीला इंजिन नुसते खोकले, तिसऱ्या ओढीला लागले. बर्फफेक्या पुढे सरकला आणि धुरांड्यातून पांढरी कमान निघाली ती थेट कुंपणापलीकडे. रबर ढोलाला घासल्याचा बारीक सूं सूं आवाज येत होता, खडखड नव्हती. वाट अर्ध्यावर आली असेल. रस्ता साफ करणारी गाडी रात्री येऊन गेली होती आणि तिने रस्त्यावरचा सगळा चिखलबर्फ घराच्या तोंडाशी लोटून बांध घातला होता. या मुलखातल्या प्रत्येक घराची ही नित्याची तक्रार आहे. तो बांध सुक्या बर्फासारखा भुसभुशीत नसतो, त्यात ओले गोळे असतात. म्हणूनच तर रबर लावले होते. बर्फफेक्या बांधात शिरला, फेकू लागला, आणि टक्कन आवाज होऊन एका बाजूचे मळसूत्र थांबले.

माझ्या पोटात गोळा आला. पाच वाजत होते. म्हातारबाबांनी इंजिन बंद केले, पंखा पुरता थांबल्याची खात्री केली आणि तरीही हात न घालता हॉकीची मोडकी काठी आत घालून चाचपले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, दगडासारखा गोठलेला शनिवारचा पेपर बाहेर आला. बोल्ट बरोबर मधोमध तुटला होता. मळसूत्र दांड्यावर मोकळे फिरत होते, कारण आता आत ग्रीस होते. कॉफीचा डबा त्यांच्या कोटाच्या खिशातच होता. विजेरी मी धरली, जुने तुकडे मेहुण्यांनी ठोकून काढले, नवा बोल्ट म्हातारबाबांनी घातला. सहा मिनिटे गेली. मी घड्याळ पाहिले होते.

साडेपाचला पाच मिनिटे कमी असताना काकूंची गाडी रस्त्याला लागली. मेहुणे चालवत होते. म्हातारबाबांनी हात हलवला, पेपर खिशात घातला आणि यंत्र समोरच्या बाईंच्या घराकडे वळवले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी परतलो. नाताळात मुलगा आला होता असे बहिणीने कळवले. त्याने एका सकाळी स्वतः यंत्र चालवले, खाली वाकून पांढऱ्या पायताणांकडे पाहिले आणि हे काय म्हणून विचारले. म्हातारबाबांनी त्याला मराठी शब्द सांगितला. घराचा विषय निघाला नाही, निदान बहिणीच्या कानावर आला नाही. मार्चमध्ये तिचा पुन्हा फोन आला. म्हातारबाबांनी माझ्यासाठी निरोप दिला होता: डावे पायताण एक सूत झिजले आहे, उजवे जरा कमी, आणि फळीचा उरलेला अर्धा भाग काकूंनी देऊन टाकला आहे.